ज्याला दम लागत नसे

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा माझे धाकटे दीर नऊ वर्षांचे होते, आणि मला बजावण्यात आलं की दिराला 'अहो भावजी' म्हणायचं. आता नऊ वर्षांचं पोर, नाकाला शेंबूड, चड्डीची एक बाजू वर नि एक खाली, त्याला अहो-जाहो करताना माझीच मला लाज वाटायची. पण जिभेला एकदा वळण लागलं ते लागलं. आज ते चौसष्ट वर्षांचे आहेत, मी चौऱ्याहत्तर, तरी मी त्यांना अहो म्हणते आणि ते मला 'वहिनी, तू' म्हणतात. मानपानाची गाडी आमच्या घरात अशी उलटी चालते.

बंदरावर त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. बेडूक म्हणतात. बोटीच्या पंख्यात दोरी नाहीतर जाळं गुरफटलं, नांगर तळाला कशात अडकून बसला, कुणाचा पाना हातातून निसटून पाण्यात गेला, की बेडकाला बोलवा. पाठीवर हवेची नळकांडी बांधून उतरणारे पाणबुडे असतात, पण ते मोठ्या जहाजांसाठी. आमच्या धक्क्याला लागतात त्या लहान बोटी, पाणी फार तर चार पुरुष खोल आणि काम घडीभराचं. त्याला नुसत्या छातीवर खाली जाणारा माणूस लागतो. डोळ्यांवर काचेचा चष्मा, कमरेला दोरी, हातात सुरी, झालं.

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नाही, आणि घोळ तिथेच झाला. घरामागे सासऱ्यांची इंजिनदुरुस्तीची शेड होती, शेडच्या कोपऱ्यात भट्टी. भट्टीचा भाता ओढायचं काम लहानपणी भावजींकडे. चार वेळा जोरात ओढला की निखारा लालाचा पिवळा होतो, वीस वेळा ओढला की पांढरा. हे ज्याने रोज पाहिलं त्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? अकरा-बारा वर्षांचे असताना एकदा मला म्हणाले की छाती म्हणजेसुद्धा भाताच, जितका जास्त मारावा तितकी धग आत साठते. तेव्हापासून बुडी मारायच्या आधी धक्क्याच्या पायरीवर बसून भाता मारायचा त्यांचा नेम. भसाभसा श्वास आत, भसाभसा बाहेर, आधी दहा वेळा, मग वीस, पुढे चाळीस. डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि खाली गेलं की बराच वेळ दमच लागत नाही. बंदरातल्या आणखी दोघा बुडीवाल्यांनी त्यांचं बघून भाता सुरू केला. बेडकाची विद्या म्हणायचे तिला.

पुढे त्यांचं लग्न झालं. जाऊबाई गोड स्वभावाची, पण धक्क्यावर कधी फिरकली नाही. नवरा पाण्याखाली असताना मी वर उभी राहून श्वास तरी कुठल्या तोंडाने घेऊ, असं म्हणायची आणि घरातच कामाला लागायची. मुलगी एकच झाली, ती बापाच्या वळणावर गेली. चालायला लागायच्या आधी पोहायला लागली म्हटलं तरी चालेल. मला मोठी आई म्हणते.

दोरी धरायला आधी एक खलाशी होता. दोरी हातात आणि गोष्ट तोंडात. एकदा भावजींनी खालून ओढण्याची खूण केली तरी त्याची गोष्ट काही संपेना. वर आल्यावर भावजींनी त्याला जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, तू धर, तुझ्या हातून आजवर दूध उतू गेलेलं मी पाहिलं नाही. त्या कामाला गप्प बसणारं माणूस लागतं, आणि अख्ख्या बंदरात त्यांना गप्प बसणारी मीच सापडले, ह्यावर आमचे हे अजून हसतात.

दोरीची भाषा सोपी. मी एक झटका दिला म्हणजे, ठीक आहात ना? त्यांनी एक झटका परत दिला म्हणजे, ठीक आहे. दोन झटके म्हणजे ओढ. वेळ मोजायला घड्याळाकडे बघावं तर दोरीवरची नजर हलते. मी चौथी शिकलेली, शाळेतून येताना बरोबर आणलं ते एवढंच की पाढे पाठ. म्हणून ते खाली गेले की मी मनात बेचा पाढा सुरू करायची, आणि एकेक पाढा संपला की एक झटका. साधं काम आठा-नवाच्या पाढ्यात उरकायचं. अवघड असलं तर अकरा. बारापुढचे मला येत नाहीत, त्यावरून माझी टिंगल व्हायची. वहिनी, तेराचा शिकून ठेव, म्हणायचे, तुझ्या शाळेपायी माझं काम अडतंय.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. ते एक्कावन्न वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. एका बोटीच्या पंख्यात नायलॉनचा दोरखंड अडकला होता आणि घासून घासून वितळून दगडासारखा बसला होता. तीन बुड्या झाल्या, हातभरच कापला गेला. चौथ्या बुडीत निकाल लावतो म्हणाले आणि पायरीवर बसून साठ भाते मारले. मी मोजले म्हणून सांगते.

दहाचा पाढा संपला, मी झटका दिला, परत आला, पण जरा रेंगाळून. अकराचा संपला, झटका दिला. दोरी गप्प. पुन्हा दिला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे की ओंडका, ते हाताला कळतं हो. मी पुतणीला हाक मारली आणि दोघींनी मिळून ओढलं.

वर आले तेव्हा डोळे उघडे, ओठ जांभळे, आणि चेहऱ्यावर असं समाधान की पोटभर जेवून आडवे झालेत. पुतणीने पाण्यात उडी टाकून त्यांना उताणं धरलं, मी पायरीवर गुडघाभर पाण्यात उतरून गालावर दोन ठेवून दिल्या. नऊ वर्षांचे असताना कितीदा मनात आलं होतं, ते असं फळाला आलं. तिसरी देणार तेवढ्यात घशातून घरघर झाली आणि छाती हलली. थोड्या वेळाने नजर ठिकाणावर आली, आणि पहिलं वाक्य काय, तर,

"वहिनी, का ओढलंस? एकच वेढा राहिला होता."

त्यांना काहीही आठवत नव्हतं. आम्ही सांगितलं की तुम्ही शुद्धीवर नव्हता, तर मानायलाच तयार नाहीत. दोघी घाबरलात आणि उगीच ओढलंत, हा त्यांचा हेका. माझा तर दमसुद्धा संपला नव्हता, आत धडधड नाही की घुसमट नाही, इतकं छान कधी वाटलं नव्हतं, म्हणाले. ज्याला दमच लागला नाही तो बुडेल कसा, हा त्यांचा सवाल.

ते तेवढ्यावर राहिलं असतं तर मीही विसरले असते. पण त्याच महिन्यात त्यांनी मुलीला कामावर घ्यायचं ठरवलं. पोर बावीस वर्षांची, अंगाने काटक, सुरी चालवण्यात बापाच्या वरचढ. त्यांनी तिला आधी काय शिकवावं? भाता. पहिल्याच दिवशी चाळीस मारून ती खाली गेली, आठाचा पाढा संपला तशी वर आली आणि हसत हसत मला म्हणाली की मोठी आई, खरंच दम लागत नाही गं, वाटतं खालीच राहावं.

मी दोरी गुंडाळून पायरीवर ठेवली. बापाने बोललेलं तेच वाक्य, तोच हसरा चेहरा, फक्त तीस वर्षांनी लहान.

त्या संध्याकाळी मी सांगून टाकलं की पोर भाता मारून पाण्यात जाणार असेल तर मी दोरी धरणार नाही, तिची नाही आणि तुमचीही नाही. बंदराच्या कचेरीचा नियम आहे, दोरीवाल्याचं नाव वहीत असल्याशिवाय बुडी नाही, आणि वहीत नाव माझं. दुसरं कुणी लावावं तर पुतणी अडून बसली की दोरीला मोठी आईच हवी. काम बंद पडलं. भावजींनी माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या ह्यांनी भावाची बाजू घेतली. म्हणाले, तो चाळीस वर्षं पाण्यात आहे आणि तू काठावर. मी म्हटलं, काठावर असते म्हणून तर बुडणारा दिसतो. त्यावर हे दोन दिवस माझ्या हातचा चहा जरा तोंड वाकडं करून प्यायले.

तोड पुतणीने काढली. बंदरावरचे रंगारी आणि वेल्डर वर्षातून एकदा दवाखान्यात छाती तपासून घेतात. बाबांनी तिथे जाऊन यावं, तिथली बाई म्हणेल ते सगळ्यांनी ऐकावं. भावजी एका पायावर तयार झाले. एकदा छाती दाखवली की वहिनीचं तोंड बंद, हा त्यांचा मनसुबा.

भावजी, पुतणी आणि मी, तिघं गेलो. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अरुंद खोली. हिरवा पडदा, एक खुर्ची, टेबलावर यंत्र, पुठ्ठ्याच्या नळ्यांचा खोका आणि नाकाला लावायचा चिमटा. तपासणारी बाई तिशीची, पण आवाज शाळेतल्या बाईंचा. फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून, अशी हाकाटी की खालच्या मजल्यावरच्यांनीही फुंकलं असेल. भावजींनी फुंकलं आणि यंत्रातून डोंगरासारखी रेघ निघाली. बाईने कागद दोनदा पाहिला आणि वर्षभरात एवढी हवा माझ्या यंत्रात कुणी सोडली नाही, असं म्हणाली. भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांचा पहिला नंबर आलाय आणि मी नापास झालेय.

मग तिने बोटाला एक लहान चिमटा लावला. त्यावर लाल आकडा दिसतो, रक्तात प्राणवायू किती भरलाय त्याचा. अठ्ठ्याण्णव दाखवला. शंभरात अठ्ठ्याण्णव म्हणजे भरलेलंच की, माझ्या मनात आलं, आणि मी इतका वेळ गप्प होते ती बोलले. म्हटलं, बाई, ह्यांना इथेच भाता मारायला सांगा आणि मग आकडा बघा. बाईला भाता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने भुवया चढवल्या, पण खुर्ची भिंतीला टेकवली, स्वतः शेजारी उभी राहिली आणि मारा म्हणाली.

चाळीस भाते झाले. आकडा नव्याण्णव.

भावजींना वाटलं चिमटा बिघडलाय. दुसऱ्या बोटाला लावून घेतला. नव्याण्णव. चाळीस वर्षं ज्या कोठारात माल भरतोय असं वाटत होतं ते आधीच भरलेलं होतं, आणि वर एक दाणा मावला होता.

आता श्वास रोखा, बाई म्हणाली, आणि काही वाटलं तर सोडा. त्यांनी रोखला. मी सवयीने मनात पाढे सुरू केले. सातापर्यंत आकडा जवळजवळ हलला नाही. नवाला पंच्याण्णव. मग घसरायला लागला, नव्वद, अठ्ठ्याऐंशी, पंच्याऐंशी. बाईने विचारलं, कसं वाटतंय? भावजींनी हसऱ्या चेहऱ्याने अंगठा वर केला. त्र्याऐंशी. ओठांना तीच जांभळी कड यायला लागली होती, आणि अंगठा वरच. पुतणी एकदा आकड्याकडे बघत होती, एकदा अंगठ्याकडे, आणि तिचा हात माझ्या दंडात रुतला होता.

"सोडा," बाई म्हणाली. त्यांनी सोडला, खुशाल, सावकाश, जसं काही झालंच नाही. आणि श्वास घेतल्यावरही आकडा आणखी खाली गेला, एकोणऐंशी, मग कुठे वर चढला. छातीतली खबर बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, असं बाईने सांगितलं.

मग ती स्टूल ओढून बसली. मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहिते, चूक असेल तर ती माझी. छातीत म्हणे तीस कोटी फुगे असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि प्रत्येकाभोवती केसाहून बारीक रक्तनळ्यांचं जाळं. फुगा आणि नळी ह्यांच्यामधली भिंत इतकी पातळ की तिच्यापुढे कागद म्हणजे गोधडी. स्वयंपाकघरातला वास बाहेरच्या खोलीत जातो तेव्हा त्याला कुणी ढकलत नाही, जिथे दाटी असते तिथून जिथे मोकळं असतं तिथे तो आपला आपण जातो. हवाही त्या भिंतीतून तशीच जाते. रक्त अंगभर फिरून वापरलेली हवा घेऊन येतं, ती फुग्यात टाकतं, आणि फुग्यातला प्राणवायू उचलून पुढे निघतं. हे सगळं एका सेकंदाच्या आत, आणि आपण जन्मभर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

भावजी बंदरावरचे, म्हणून पुढचं तिने त्यांच्या भाषेत सांगितलं. रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या होड्या असतात, एकेका होडीत चारच जागा. साध्या श्वासाने जागा भरतातच. तुम्ही चाळीस वेळा हवा मारलीत म्हणून पाचवा बसत नाही. छातीतल्या हवेत थोडीशी भर पडते, नाही असं नाही, पण ती थोडीशीच.

मग दम का लागत नाही, पुतणीने विचारलं.

कारण मेंदूच्या बुडाशी जो राखणदार बसलाय, तो प्राणवायू किती उरला ते फारसं बघतच नाही. वापरलेली हवा किती साठली तेवढ्यावर त्याचा डोळा. ती वाढली की तो ओरडतो, आणि त्या ओरडण्याला आपण दम लागणं म्हणतो. भाता मारून तुम्ही ती हवा धुऊन काढता. कोठार होतं तेवढंच, राखणदार मात्र झोपला. खाली पाण्याचा दाब छाती आवळून धरतो, त्यामुळे उरलासुरला प्राणवायूही भिंतीपार जातो. वर येताना दाब सुटतो आणि तेही थांबतं. म्हणून अशी माणसं बहुतेक पाण्याच्या तोंडाशी येऊन दगावतात, हसऱ्या चेहऱ्याने.

भावजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "म्हणजे त्या दिवशी मला कळलं कधी असतं?"

"नसतं कळलं," बाई म्हणाली.

  दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी पुसत होते, तेव्हा भावजी येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. एक वाटी उचलली, आधीच पुसलेली, ती पुन्हा पुसली. मग विचारलं, त्या दिवशी माझा चेहरा कसा होता? ओठ, डोळे, समाधान, घशातली घरघर, सगळं मी सांगितलं. दोन लगावल्या तेही सांगितलं, ते त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. जरा हसले, पण डोळे भरून आले होते. पोरीला हे मी शिकवलं, वहिनी, एवढंच म्हणाले. माझ्या आयुष्यात दिरांनी मागितलेली ती एकुलती एक माफी, आणि ती माझी नव्हे, पोरीची होती. मी तिलाच जाऊन सांगा म्हटलं.

त्यांनी सांगितलं. शिकवलेलं मोडून काढायला मात्र शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. पोर पायरीवर बसली की तिची छाती आपोआप भसाभसा चालू व्हायची, आणि हे समोर बसून म्हणायचे, सावकाश, दोनच, झोपलेल्या वासरासारखा श्वास. खाली गेल्यावर पहिली घुसमट वाटली की दोन झटके, काम अर्धं राहिलं तरी. वर आल्यावर खाली होतीस त्याच्या दुप्पट वेळ बसायचं. दुसऱ्या दोघा बुडीवाल्यांकडेही ते स्वतः गेले. एकाने ऐकलं. दुसऱ्याने बेडूक म्हातारा झाला म्हणून सगळ्या धक्क्याला हसवलं. ज्या माणसाच्या छातीचे किस्से सांगून लोक नव्या खलाशांना तोंडात बोट घालायला लावत, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी घेतलं. त्या हसणाऱ्या बुडीवाल्याकडे मात्र ते दर आठवड्याला जात राहिले, त्याने दार लावून घेतलं तरी.

पोरीच्या नावावरचं पहिलं मोठं काम आलं ते एका मासेमारी बोटीचं, पंख्यात जाळं. मी दोरीला, भावजी माझ्या शेजारी पायरीवर, हात मांडीखाली दाबून, कारण ते सारखे दोरीकडे जात होते. पोर चाराच्या पाढ्यात वर आली. टेकली, बसली, पुन्हा गेली. पुन्हा पाचाच्या पाढ्यात वर. असं सात वेळा झालं. बोटीचा मालक भरती निघून चालली म्हणून येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्याच्याने राहवलं नाही. तुझा बाप एका बुडीत हे काढायचा, तो पोरीला वरून म्हणाला, आणि तू आपली बदकासारखी खाली-वर, खाली-वर.

पोरीने बापाकडे पाहिलं. मीही पाहिलं. कारण तो बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं.

"काढायचा," भावजी म्हणाले. "आणि त्यातल्या एका बुडीत तो मेला होता. ह्या बाईने ओढून आणला. तुला घाई असेल तर तू उतर, दोरी आम्ही धरतो."

मालक इंजिनाच्या खोलीत निघून गेला. पोर आठव्यांदा खाली गेली. सहाच्या पाढ्याच्या मध्यावर दोन झटके आले, मी ओढलं. ती वर आली, हातात जाळ्याचा शेवटचा गुंता, आणि पायरीची कड धरून अशी धापा टाकायला लागली की तिचा आवाज बोटीच्या पलीकडे जात असेल. तोंड उघडं, खांदे वरखाली, बोलायला जावं तर शब्द फुटेना. बघायला काही छान दिसत नव्हतं.

भावजी पुढे वाकून ऐकत होते, जसं कुणी गाणं ऐकावं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, ऐकतेस ना? कसा मस्त दम लागलाय पोरीला."